घाटकोपरचे फ्लेमिंगो आणि ईके ५०८: कुंपणाबाहेर झालेला बर्ड हिट

२० मे २०२४, सोमवार. त्या दिवशी मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे टीव्हीवर दिवसभर रांगा, शाई आणि टक्केवारी एवढंच चालू होतं. रात्री घाटकोपर पूर्वेला पंतनगर-लक्ष्मीनगर भागात लोकांना रस्त्यावर, सोसायट्यांच्या आवारात मोठमोठे गुलाबी पक्षी पडलेले दिसायला लागले, काहींचे पंख तुटलेले तर काहींचे नुसते तुकडेच. लोकांनी फोन लावले, वनविभागाच्या कांदळवन कक्षाची माणसं आली, प्राणी वाचवणाऱ्या संस्थांची पोरं टॉर्च घेऊन आली आणि शोधता शोधता आकडा वाढत वाढत ३९ वर गेला. ३९ फ्लेमिंगो, एका रात्रीत, एका वस्तीत.

दुबईहून येणारं एमिरेट्सचं ईके ५०८ उतरायच्या तयारीत असताना या थव्याला धडकलं होतं. विमान बोइंग ७७७-३००ईआर, आत तीनशेच्या वर प्रवासी. सगळे सुखरूप उतरले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. विमानाला मात्र मार बसला होता म्हणून दुबईची परतीची फेरी रद्द झाली. पुढचे दोन-चार दिवस गुलाबी पिसांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, हळहळ झाली आणि ४ जूनच्या निकालांमध्ये सगळं वाहून गेलं.

मला हे प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटलं कारण बर्ड हिट म्हटलं की आपल्या डोक्यात जे चित्र असतं, म्हणजे रनवेवर घार आली, इंजिनात गेली, विमान परत फिरलं, त्यात हे कुठेच बसत नाही. आणि आपल्याकडचे जवळपास सगळे उपाय त्याच चित्रासाठी बनवलेले आहेत.

आधी जागा बघा

मुंबईचा मुख्य रनवे पूर्व-पश्चिम आहे. वर्षातला बराच काळ विमानं पूर्वेकडून येऊन उतरतात, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूने यायचं, ठाणे खाडी ओलांडायची, मग ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, घाटकोपर आणि मग रनवे. आता ठाणे खाडी म्हणजे काय, तर फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. म्हणजे रोज नऊशेच्या वर विमानांची ये-जा असलेला विमानतळ आणि लाखभर फ्लेमिंगो उतरतात ती खाडी यांच्यात जेमतेम एका उपनगराचं अंतर आहे. इतकी वर्षं मोठं काही घडलं नाही याचंच खरं तर आश्चर्य वाटायला पाहिजे.

पंतनगर रनवेच्या टोकापासून सरळ रेषेत साडेतीन-चार किलोमीटरवर आहे. उतरणारं विमान साधारण तीन अंशाच्या उतारावर येतं, त्या हिशोबाने तिथे त्याची उंची सहाशे-सातशे फुटांच्या घरात असते. चाकं बाहेर, फ्लॅप्स पूर्ण खाली, इंजिनं कमी पॉवरवर, पायलटचं लक्ष समोरच्या लाइट्सवर. या अवस्थेत जोरात वळून वगैरे कुणाला चुकवायचा प्रश्नच येत नाही. आणि अंधारात थवा दिसणार तरी कसा, लँडिंग लाइटच्या झोतात पक्षी आला म्हणजे टक्कर झालीच असं समजायचं.

वेग धरा ताशी पावणेतीनशे किलोमीटर. फ्लेमिंगोचं वजन दीड ते दोन किलो. कागदावर मांडलं तर दोन किलोच्या एका पक्ष्याच्या धडकेत, दीडशेच्या स्पीडने आलेल्या क्रिकेट बॉलच्या चाळीसेक पट ऊर्जा असते, आणि इथे पक्षी एक नव्हता. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं, म्हणजे हाच थवा जरा वर, विमान ताशी साडेचारशेने येत असताना आडवा आला असता तर प्रत्येक धडक अडीच पटीहून जास्त जोराची झाली असती. ३००ईआरची इंजिनं प्रचंड असतात, पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर, आणि मोठ्या पक्ष्यांच्या चाचण्या पास केल्याशिवाय अशा इंजिनाला परवानगी मिळत नाही. पण त्या चाचणीत ठरावीक वजनाचे मोजके पक्षी टाकतात, सगळा थवा नाही टाकत.

आणि ३९ का मेले? विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ६५ मीटर, आणि फ्लेमिंगो रात्री उडतात ते एकमेकांना धरून, रांगेत. रांगेतून ६५ मीटर रुंदीची गोष्ट गेली की जे व्हायचं ते होतं. शिवाय बऱ्याच पक्ष्यांवरच्या संशोधनातून असं दिसतं की समोरून येणारी वस्तू किती जवळ आली यावर ते पळायचं ठरवतात, ती किती वेगाने येतेय याचा अंदाज त्यांना नीट येत नाही. गरुड किंवा कोल्हा मागे लागला तर हे पुरतं. विमानासमोर नाही पुरत.

ते तिथे आलेच कसे

इथे खरी वादावादी झाली. फ्लेमिंगो खाडीत असतात, पंतनगर हायवेच्या अलीकडे आहे, मग थवा वस्तीवर काय करत होता?

पहिलं म्हणणं, ते परत निघाले होते. नोव्हेंबर-डिसेंबरला यायचं आणि पावसाच्या तोंडावर गुजरातकडे जायचं असा त्यांचा शिरस्ता, कच्छच्या रणात त्यांची वीण होते. मे अखेर म्हणजे निघायचीच वेळ. मुंबईहून कच्छ वायव्येला, म्हणजे खाडीतून उडून वायव्य धरली की खाली घाटकोपर येतंच. बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले होते, त्यांना नावंही दिली होती, त्यातल्या हुमायूनचा गुजरातपर्यंतचा प्रवास तेव्हा पेपरात गाजला. लांबचा पल्ला ते रात्रीच मारतात. त्यामुळे हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

दुसरं म्हणणं पर्यावरणवाल्यांचं, की त्यांना हुसकावलं गेलं. नवी मुंबईत नेरुळला डीपीएस शाळेमागे एक तलाव आहे, त्या वर्षी त्यात खाडीचं पाणी येण्याचे मार्ग बंद झाले आणि तलाव कोरडा पडत गेला. त्याच सीझनला तिथे फ्लेमिंगो मरून पडल्याच्या, भरकटून रस्त्यावर आल्याच्या, दिव्यांनी गोंधळल्याच्या बातम्या येत होत्या. खाडीतल्या वीजवाहिन्या आणि आसपासची बांधकामं यांच्याकडेही बोट दाखवलं गेलं.

तिसरी गोष्ट मात्र फारशी कुणी बोललं नाही, ती म्हणजे भरती. फ्लेमिंगोचं घड्याळ सूर्यावर कमी आणि पाण्यावर जास्त चालतं. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा ते चरतात, त्या चिखलातलं शेवाळ हे त्यांचं खाणं. भरती आली की चिखल बुडतो, मग त्यांना उथळ पाण्याच्या दुसऱ्या जागी जाऊन उभं राहावं लागतं, डीपीएसचा तलाव, टीएस चाणक्यची पाणथळ, अशा जागी. रात्र असो की दिवस, भरती-ओहोटीप्रमाणे ही ये-जा चालूच. आता कोळ्यांचा जुना हिशोब लावा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी पंचांगात वैशाख शुद्ध द्वादशी, आदल्या दिवशीच मोहिनी एकादशी झालेली. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे रात्री नऊच्या पुढेमागे, टक्कर झाली त्याच सुमाराला, खाडी भरत आली होती आणि चिखलावरचे हजारो पक्षी उठायची ती वेळ होती.

यावरून भरतीमुळेच टक्कर झाली असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये, मीही म्हणत नाही. कदाचित तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असतील, भरतीने उठलेला थवा, बसायची नेहमीची जागा कोरडी, आणि सीझन निघायचा. पण यातल्या दोन गोष्टींचा, भरतीचा आणि सीझनचा, अंदाज महिनाभर आधी बांधता येतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग विमानतळ काय करतो

बरंच करतो, उगाच नावं ठेवू नयेत. रनवेच्या कडेला बर्ड चेसर असतात, जीप असतात, फटाके, गॅसची तोफ, लेझर, पक्ष्यांच्या घाबरलेल्या आवाजाचे स्पीकर. गवताची उंची सांभाळतात, कारण गवत तोडलं की किडे-उंदीर उघडे पडून घारी येतात आणि जास्त वाढलं की तित्तिर वगैरे लपून बसतात. पहिल्या पावसानंतरचे दिवस सगळ्यात वाईट, गांडुळं आणि पंखवाली वाळवी बाहेर येते आणि मग गायबगळे, घारी, टिटव्या यांची जत्रा भरते. टिटवी तर उघड्या जमिनीवर अंडी घालते, तिला रनवेच्या कडेची माळरानासारखी जागा म्हणजे स्वर्गच.

कुंपणाबाहेर कायदा आहे. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम म्हणतो की विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायची नाहीत, सोलायची नाहीत, कचरा टाकायचा नाही. वाचायला झकास. देवनारचं डम्पिंग ग्राउंड विमानतळापासून सरळ रेषेत सातेक किलोमीटरवर आहे आणि ते १९२७ पासून तिथे आहे, म्हणजे नियमापेक्षा दहा वर्षांनी मोठं! त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी बघायला दुर्बीण लागत नाही. प्रत्येक विमानतळासाठी एक एअरफील्ड एन्व्हायर्न्मेंट मॅनेजमेंट कमिटी असते, विमानतळ, महापालिका, पोलीस वगैरे सगळे बसतात, आणि विषय बहुतेक हेच, कचरा, मटणाची दुकानं, उघडी गटारं.

आता या सगळ्यातलं फ्लेमिंगोला काय लागू होतं? फटाका चार किलोमीटरवर ऐकू जात नाही. कचऱ्यावर तो येत नाही. गवत कापलं काय आणि वाढवलं काय, त्याला देणंघेणं नाही. आणि त्याला हुसकावता तर येतच नाही, कारण तो ज्या खाडीत बसलाय ती कायद्याने त्याचीच जागा आहे. घार हा उपद्रव म्हणून हाताळता येतो, फ्लेमिंगो हा शेजारी आहे. शेजाऱ्याशी वेळापत्रकच जुळवावं लागतं.

न्यूयॉर्क आणि मुआन

कुंपणाबाहेर टक्कर होणं हे काही मुंबईचंच नाही. १५ जानेवारी २००९ ला यूएस एअरवेजचं १५४९ न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून उडालं आणि विमानतळापासून सातेक किलोमीटरवर, जवळपास २८०० फुटांवर कॅनडा गीझ या मोठ्या रानहंसांच्या थव्यात शिरलं, दोन्ही इंजिनं बंद. हडसन नदीत उतरवलं आणि १५५ च्या १५५ वाचले, ते सगळ्यांना माहितीये. पुढचं कमी लोकांना माहितीये. शहराने मग विमानतळांच्या आसपासच्या बागा-तलावांतले हजाराच्या वर गीझ पकडून मारले. आणि इकडे स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञांनी इंजिनातून काढलेल्या पिसांची आयसोटोप तपासणी केली तर निघालं काय, की ते पक्षी शहरात राहणारे नव्हतेच, लॅब्राडोरच्या बाजूने आलेले स्थलांतरित होते. म्हणजे मार पडला तो भलत्यांनाच.

दुसरं दक्षिण कोरियातलं मुआन, २९ डिसेंबर २०२४. जेजू एअरच्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत बैकल टील नावाच्या बदकांचे अवशेष सापडले, १७९ माणसं गेली. रनवेच्या टोकाचा काँक्रीटचा बांध हे त्यातलं मोठं कारण, पण सुरुवात पक्ष्यांपासून झाली. टॉवरने पक्ष्यांचा इशारा दिला होता, फक्त तो दिल्यानंतर एक-दोन मिनिटांतच पायलटचा मेडेचा, म्हणजे संकटाचा, कॉल आला. पाणथळीच्या काठचा विमानतळ, हिवाळी बदकं, आणि शेवटच्या क्षणाचा इशारा.

आपल्याकडेही पायलटला असा इशारा मिळतो, "विमानतळ परिसरात पक्ष्यांची हालचाल, सावध राहा". पावसाळ्यात तर रोज. रोज मिळणारा इशारा कोण ऐकतं हो? त्यात कुठे, किती उंचीवर, किती वाजता, यातलं काही नसेल तर पायलटने करायचं काय, खिडकीची काच खाली करून बघायचं?

जमतं, काही ठिकाणी जमवलंय

दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ किंग शाका विमानतळ २०१० ला सुरू झाला. त्याच्या बाजूलाच, तीनेक किलोमीटरच्या आत, माउंट मोरलंड नावाच्या जागी देवनळासारख्या बोरूचं बेट आहे आणि उन्हाळ्यात तिथे लाखो पाकोळ्या रात्री झोपायला येतात, अंदाज तीस लाखांपर्यंतचे. आधी सरळ विचार होता की बेटच काढून टाकू. लोकांनी आरडाओरडा केला, मग विमानतळाने पक्ष्यांसाठीचं रडार बसवलं. संध्याकाळी पाकोळ्यांचा ढग विमानाच्या वाटेत आला की टॉवरला दिसतं, मग विमानाला थोडं थांबवायचं. पाकोळ्या आहेत आणि विमानंही आहेत.

इस्रायलच्या हवाई दलाने तर याच्या बऱ्याच आधी हे केलं. वर्षातून दोनदा त्या चिंचोळ्या देशावरून करकोचे, गरुड, पेलिकन असे कोट्यवधी पक्षी जातात. योसी लेशेम या पक्षीतज्ज्ञाने ग्लायडरमधून थव्यांसोबत उडून त्यांचे मार्ग, उंच्या आणि वेळा काढल्या, हवाई दलाने त्याप्रमाणे कुठे कधी खाली उडायचं नाही याचे नकाशे केले, आणि टकरी एकदम खाली आल्या. ज्या विमानांवर कोट्यवधी डॉलर खर्च होतात ती करकोच्याने पाडावीत हे लष्कराला परवडणारं नव्हतं, म्हणून पक्षीतज्ज्ञाचं ऐकलं गेलं, असं मला वाटतं. पैसा बोलला की सगळे ऐकतात.

मुंबईला यातलं काय लागेल? माझ्या मते सुरुवात रडारने करूच नये, ते महाग आहे आणि टेंडर निघेपर्यंत चार सीझन जातील. सुरुवात एका तक्त्याने करावी. नोव्हेंबर ते मे, रोजची भरतीची वेळ, त्याच्या आधीनंतरचा तास-दीड तास, आणि खाडीचा कुठला भाग कधी बुडतो. भरतीचं टाइमटेबल महापालिका पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यासाठी वापरतेच की. त्याला बीएनएचएसच्या गणनेची आणि टॅगची माहिती जोडली तर टॉवरला "पक्षी आहेत, सावध राहा" याच्याऐवजी "आज रात्री साडेआठ ते दहा, खाडीवर, हजार फुटांखाली थवे उठण्याची शक्यता" असं सांगता येईल. त्यावर पायलट गो-अराउंडची, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायची, मनाची तयारी ठेवू शकतो, वेग आटोक्यात ठेवू शकतो. हे करायला वनविभाग आणि विमानतळ यांनी एका टेबलावर बसून एकमेकांचे नकाशे उघडायला हवेत, आणि त्या दहा किलोमीटरवाल्या कमिटीत कांदळवन कक्षाची खुर्ची कायमची हवी. रडार मग येऊ दे, त्याला बघायचं कुठे आणि कधी ते तरी आधीच ठाऊक असेल.

तलावाचं काय

आता सगळ्यात अवघड भाग. ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. डीपीएसचा तलाव, टीएस चाणक्य, एनआरआय कॉम्प्लेक्सजवळची पाणथळ हे सगळं त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत. मग एक युक्तिवाद ऐकू येतो की पाणथळ म्हणजे पक्षी आणि पक्षी म्हणजे धोका, तेव्हा पाणथळ बुजवलेली बरी. ऐकायला लॉजिकल वाटतं, जमिनीचे भाव माहीत असलेल्याला तर जास्तच लॉजिकल वाटतं.

पण पक्षी तलावामुळे येत नाहीत, खाडीमुळे येतात, आणि खाडी कुणी बुजवणार नाहीये. तलाव म्हणजे भरतीचे काही तास काढायची जागा. ती बंद केली तर लाखभर पक्षी कच्छला परत नाही जाणार, ते जागा शोधत फिरणार, जास्त वेळ हवेत राहणार, आज उथळ पाणी दिसेल तिथे आणि उद्या दुसरीकडे. विमानतळाच्या आत पावसाचं पाणी साचलेलं मैदान तर त्यांना वरून अगदी तलावासारखंच दिसेल. बीएनएचएसने नेमकी हीच भीती बोलून दाखवली होती, की पाणथळी गेल्या तर पक्षी विमानतळावर येऊन बसतील. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येणारा थवा विमानासाठी कधीही बरा, कारण त्याचा तक्ता करता येतो. जागा गेलेल्या थव्याचा तक्ता कसा करणार?

२०२५ च्या एप्रिलमध्ये डीपीएसचा तलाव फ्लेमिंगोंसाठी संवर्धन राखीव क्षेत्र करायचा निर्णय राज्याने घेतला. चांगलं झालं. पण त्या तलावाचा जीव पाटीत नाहीये, खाडीचं पाणी आत येणाऱ्या तोंडांत आहे. ती तोंडं उघडी आहेत का, भरतीला पाणी आत चढतंय का, ओहोटीला उतरतंय का, हे दर सीझनला जाऊन बघायचं काम कुणाचं, सिडकोचं, वनविभागाचं की विमानतळाचं, हे एकदा कागदावर यायला हवं. माझं मत विचाराल तर विमानतळाच्या सुरक्षा बजेटमधून त्याचे पैसे जावेत, बर्ड चेसरच्या पगाराच्या खालच्याच ओळीत.